इंजिन खोलण्याआधी

गळीत हंगाम तोंडावर आला की बीड जिल्ह्यात हमरस्त्यालगतच्या गॅरेजांना उसंत नसते. मुकादमाला उचल दिलेली असते, कोयते ठरलेले असतात, कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला असतो, आणि ज्या गाडीच्या भरवशावर हे सगळं जुळवलं ती असते वीस-बावीस वर्षांची, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. पाटी एमएच-१२ नाहीतर एमएच-१६ ची, रंग नवा, बॉडीवर ताजं नाव, ताडपत्रीसुद्धा कोरी. पहिल्याच पंधरवड्यात ती धूर ओकायला लागते, नाहीतर घाटात दम टाकते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर दिवसागणिक त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उताराही. टोळी बसून राहते ती वेगळीच. मालक घायकुतीला येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, इंजिन खोला, पण गाडी रस्त्याला लावा."

या प्रकरणाचा सगळा रोख त्या 'खोला'वर आहे. जुन्या ट्रकच्या इंजिनावर जी बालंटं येतात, त्यांतली बरीचशी इंजिनाबाहेरची असतात. दोष टाकीत असतो, नळीत असतो, फिल्टरमध्ये किंवा रेडिएटरमध्ये असतो. इंजिन बांधायला काढलं की खर्च हजारांतून लाखांत जातो आणि ऐन हंगामातले दिवस बुडतात. मूळ खोड टाकीच्या जाळीत असेल तर बांधून आलेलं इंजिनही तसंच कुंथत चालतं. मग मिस्त्री आणि मालक एकमेकांशी बोलेनासे होतात.

आधी हे इंजिन कोणतं ते पाहू. मराठवाड्यातल्या जुन्या ट्रकांत टाटांचा भरणा मोठा. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असे, पुढे तिथे टाटांचा 'टी' आला. त्या घराण्यातून आलेली ६९२ आणि ६९७ ही इंजिनं इथल्या मिस्त्र्यांच्या हातात पक्की बसली. या आकड्यांतला पहिला सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरच्या मिलिमीटरांचे. म्हणजे ६९७ ला सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. ४०७ गाडीतलं ४९७ त्याच हिशेबातलं. १९९३ साली टाटा आणि कमिन्सची भागीदारी झाली, आणि पुढे ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन १६१३ सारख्या गाड्यांत आलं. या सगळ्यांत समान गोष्ट अशी की डिझेलचा पंप यांत्रिक आहे. संगणकावर चालणारी कॉमन रेल यंत्रणा मोठ्या ट्रकांत सर्रास झाली ती भारत स्टेज चार आल्यावर, आणि ते देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नाही. तिथे डोळे, कान, नाक, पान्यांचा संच आणि वीतभर पारदर्शक नळी एवढ्यावर निदान करावं लागतं. ते करता येतं, आणि चांगलं करता येतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापावी, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. दाबाचं प्रमाण सतरास एकच्या आसपास. तेव्हा इंजिनाला विचारायचे प्रश्न तीनच: हवा पुरेशी येते का, ती नीट दाबली जाते का, आणि डिझेल वेळेवर, हवं तेवढं आणि बारीक होऊन पडतं का. यांतला दाबाचा प्रश्नच तेवढा इंजिन खोलायला लावतो. उरलेले दोन बाहेरून सुटतात, म्हणून आधी तेच घ्यायचे.

समजा, तेलगावकडून धारूरचा घाट चढताना भरलेली गाडी लोड घेईना. रिकामी झकास पळते. भरली की चढावर घुटमळते, रेस पूर्ण दाबूनही ओढ नाही. काळा धूर नाही, ठोका नाही. कडेला पाच मिनिटं उभी केली की पुन्हा बरी चालते आणि दोन वळणांनंतर पहिले पाढे पंचावन्न. ड्रायव्हरचं निदान ठरलेलं: "मालक, बोअर गेला."

बोअर गेला असता तर गाडी गार पहाटे सुरू व्हायला रडली असती, ब्रीदरमधून धूर मारला असता, ऑइल खाल्लं असतं. शिवाय झिजलेली रिंग पाच मिनिटांच्या विसाव्याने भरून येत नाही. विसाव्याने बरा होतो तो डिझेलचा रस्ता. टाकीतल्या नळीच्या तोंडाला ओढून बसलेला गाळ ओढ थांबली की खाली सुटतो, तुंबलेल्या फिल्टरच्या पलीकडे हळूहळू डिझेल झिरपून साठतं, आणि तेवढ्या साठ्यावर गाडी पुढचा पल्ला मारते. काळा धूर नाही हेही त्याच दिशेला बोट दाखवतं, कारण इथे जळायला डिझेलच कमी पडतंय.

खात्री करायला कॅनची परीक्षा आहे. टाकीकडून फीड पंपाला येणारी नळी सोडवायची आणि तिच्या जागी दुसरी नळी लावून ती स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडायची. कॅन पंपापेक्षा उंच, एक्झॉस्टपासून लांब आणि घट्ट बांधलेला हवा. परतीची नळीही त्यातच. मग भरलेली गाडी चढावर घालायची. ओढू लागली तर दोष टाकी आणि पंप यांच्या मध्ये कुठेतरी आहे. नाही ओढली तर फीड पंपाची जाळी, डिझेल फिल्टर आणि त्यापुढचं बघायचं. एवढ्यात अर्धा रस्ता कटतो.

पुढची परीक्षा पारदर्शक नळीची. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर जोडायची आणि इंजिन चालू ठेवून बघत राहायचं. बुडबुडे दिसले की कुठूनतरी हवा शिरते आहे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. "गळत तर कुठंच नाही," असं म्हणून लोक तो भाग सोडून देतात. टाकी ते फीड पंप हा टप्पा ओढीचा आहे. तिथे चीर पडली तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, त्यामुळे नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते. रबरी नळीचं वाळलेलं टोक, ढिली क्लिप आणि पुन्हा पुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर हे इथले नेहमीचे आरोपी. तांब्याचा वॉशर लालभडक तापवून पुन्हा वापरायची रीत खरी आहे, तापवल्यावर तांबं मऊ होतं आणि नव्याने दबून बसतं. तरी नवा वॉशर इतका स्वस्त मिळतो की ही काटकसर घाटात परवडत नाही.

हवा काढायचं काम सोपं म्हणून धसमुसळेपणाने केलं जातं. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा बोल्ट दीड-दोन आटे ढिला करायचा आणि फीड पंपाची हाताने मारायची मूठ खालीवर करत राहायची. आधी नुसता फेस येतो. मग फेस आणि डिझेल आलटून पालटून, थुंकत थुंकत. मग अखंड, स्वच्छ धार. हात न थांबवता, धार वाहत असतानाच बोल्ट आवळायचा. हात आधी थांबवला तर तेवढ्या क्षणात हवा पुन्हा आत घुसते. त्यानंतर मोठ्या पंपावरचा स्क्रू, तीच पद्धत. शेवटी नोझलांकडचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारायचा आणि डिझेल दिसलं की आवळायचे. इथे एक सावधगिरी जिवावरची आहे. नोझल उघडतं तेव्हा डिझेलचा दाब दोनशे ते अडीचशे बार असतो, ट्रकच्या चाकातल्या हवेच्या पंचवीस-तीस पट. नोझलचा फवारा किंवा नळीच्या बारीक चिरेतून येणारी पिचकारी बोटाने चाचपली तर डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. चीर शोधायची तर पुठ्ठा धरावा.

टाकीकडे विशेष लक्ष द्यावं याला कारण उसाचा हंगामच आहे. मार्च-एप्रिलला पट्टा पडला की कितीतरी गाड्या पाच-सहा महिने उभ्या राहतात. अर्ध्या रिकाम्या टाकीत दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा यांनी आतल्या पत्र्याला घाम सुटतो. पाणी तळाशी जमतं, पत्रा गंजतो, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. नवा फिल्टर आठवड्यात तुंबतो तो यामुळे. अशा वेळी फिल्टर बदलत बसण्यापेक्षा टाकी उतरवून धुवावी. ऊसपट्ट्यात आणखी एक संशय ऐकू येतो, की वैऱ्याने टाकीत साखर टाकली आणि इंजिन जाम झालं. साखर डिझेलमध्ये विरघळतच नाही. तळाशी पडून राहते, फार तर फिल्टर बंद पाडते. इंजिन जाम झालं असेल तर वैऱ्याला सोडून आधी ऑइलची दांडी बघावी.

आता धूर. धुराचा रंग तीन प्रकारचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यावरून उडी मारली जाते ती थेट पिस्टनवर. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एक लिटर डिझेल पुरतं जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. उसाच्या फडातून, फुफाट्याच्या गाडीवाटेने महिनाभर फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर ती कुठून देणार? म्हणून आधी फिल्टर, टर्बो असेल तर त्यापुढची रबरी नळी आणि तिच्या क्लिपा. फिल्टर तुंबलेला असेल तर निदान धूर तरी दिसतो. फिल्टर आणि इंजिन यांच्या मधली नळी फाटली असेल तर काहीच दिसत नाही, गाडी छान ओढते आणि फुफाटा न गाळता आत जातो. त्यातली वाळूची भुकटी बोअर-रिंगा घासून काढते. जुना ट्रक घेताना मी या नळीच्या आत बोट फिरवून बघायला सांगतो. बोटाला धूळ लागली तर बोअरचं आयुष्य किती खर्ची पडलं असेल याचा अंदाज तिथेच करावा, आणि किंमतही तिथेच पाडावी.

काळ्या धुराचं दुसरं कारण माणसाने केलेलं असतं. गाडी ओढत नाही म्हणून पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेतात. चार दिवस गाडी पळते. वाढीव डिझेल जळताना एक्झॉस्टची उष्णता वाढते, आणि त्याची किंमत पिस्टनचं डोकं, वॉल्व्ह आणि टर्बो यांनी मोजायची असते. पंपाला हात लावायचा तो टेस्ट बेंचवरच, कानाच्या अंदाजाने गॅरेजच्या दारात नाही.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, वॉल्व्हचे गाइड किंवा टर्बोचं सील. टर्बोची हवेची नळी काढून आत ऑइलचे ओघळ सापडले तर इंजिन खोलायची घाई करू नये. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर मात्र प्रसंग बाका. इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन धावत सुटतं, केबल ओढूनही बंद होत नाही. उभ्या गाडीत असं झालं तर हवेचं तोंड सपाट फळीने झाकायचं. हाताने किंवा कापडाने मुळीच नाही.

पांढऱ्या धुराला वास घ्यावा. डोळ्यांना झोंबला तर ते न जळलेलं डिझेल, म्हणजे नोझल थेंब टाकतंय, टायमिंग सरकलंय किंवा दाब कमी आहे. न झोंबणारा, सतत येणारा आणि रेडिएटरचं पाणी घटवणारा असेल तर पाणी जळतंय. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सुरुवातीची मिनिटं थोडा पांढरा धूर कोणतंही जुनं इंजिन मारतं. त्यावर निर्णय देऊ नये.

एक सिलिंडर कमी मारत असेल तर तो शोधायची जुनी युक्ती अजून बिनतोड आहे. इंजिन सावकाश चालू ठेवून नोझलच्या नळीचा एकेक नट फडक्याखाली ढिला करायचा. आवाज पडला, इंजिन डगमगलं तर तो सिलिंडर कामावर आहे. काहीच फरक पडला नाही तर तोच रजेवर. आता त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघायचं. दोष नोझलाबरोबर सरकला तर नोझल कॅलिब्रेशनला पाठवावं आणि विषय संपवावा. दोष जागचा हलला नाही तर टॅपेट तपासायचे. कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनात गार असताना इनलेटची फट ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टची ०.५० मिलिमीटर ठेवतात. एक्झॉस्टची फट घट्ट झाली की वॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, सीटला उष्णता देऊ शकत नाही आणि कडेने जळतो. फीलर गेजचं एक पातं इथे हेड उतरवणं वाचवतं.

गाडी गरम होते या तक्रारीत बीडचं पाणी आणि बीडचा ऊस दोन्ही आले. उन्हाळ्यात ज्या भागात प्यायला टँकर येतो, तिथे रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी जाणं स्वाभाविकच. त्यातले क्षार ब्लॉकच्या आतल्या भिंतींवर पापुद्रा धरतात, आणि तो पापुद्रा लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी पुढे जाऊ देतो. बाहेरून रेडिएटर पाचटाच्या तुसाने आणि धुळीने लिंपलेला असतो. तो पुढून पाण्याचा जोर मारून धुतला तर कचरा आणखी आत ठासला जातो. पंख्याच्या बाजूने, सावकाश धुवावा. तिसरी गोष्ट थर्मोस्टॅट. "तो वॉल्व्ह काढून टाका, गाडी गार राहील," हा सल्ला जवळपास प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कामाच्या तापमानाला वेळेवर पोहोचत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सिलिंडर लवकर झिजतो. काही इंजिनांत तर बायपासचा रस्ता उघडाच राहून पाणी रेडिएटर टाळून फिरतं आणि भरल्या गाडीत उलट जास्तच तापतं.

हे सगळं ठीक असून गाडी तापत असेल तेव्हा हेड गॅस्केटची चौकशी करायची. गार इंजिनाचा पंख्याचा पट्टा काढायचा, रेडिएटर काठोकाठ भरायचा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं. पाणी तापायच्या आत बुडबुड्यांची रांग लागली तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. ही परीक्षा दोन मिनिटांत आटपावी. तापल्या गाडीचं झाकण उघडू नये आणि तापल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नये, हेड तडकतं.

ऑइलची दांडी सर्वांत शेवटी बघितली जाते, ती खरं तर सर्वांत आधी बघायची. ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी मिसळलंय, गाडी तिथेच थांबवायची. पातळी वाढली आणि वास डिझेलचा आला तर फीड पंप किंवा मोठ्या पंपातून डिझेल आत उतरतंय. पातळ झालेलं असं ऑइल बेअरिंगं खातं. "ऑइल घटत नाही, उलट वाढतं," असं कौतुकाने सांगणारा विक्रेता भेटला तर नमस्कार करून निघावं. दाबाचा काटा चालू पाहिजे. वर सांगितलेल्या कमिन्समध्ये गरम इंजिनाचा दाब सावकाश चालताना ०.७ किलोच्या आणि पूर्ण फेऱ्यांवर २.१ किलोच्या खाली जाऊ नये. ठोका आणि धूर लपवायला विकण्याआधी दाट ऑइल भरणं ही तर जुनीच कला आहे. तिच्यावर उपाय गार इंजिन. सौद्याला गेल्यावर आधी बॉनेटखाली हात लावावा. इंजिन कोमट लागलं तर "गाडी उद्या सकाळी बघू" म्हणावं आणि सकाळी कळवलेल्या वेळेच्या आधी जावं.

एवढं करूनही उत्तर दाबापाशीच येऊन ठेपलं तर कॉम्प्रेशन गेज लावून सहाही सिलिंडर मोजायचे. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. पाच सारखे आणि एक पडलेला असेल तर वॉल्व्ह, गॅस्केट किंवा एक फुटलेली रिंग. सहाही पडलेले आणि ब्रीदर धापा टाकतोय, तर बोअर संपला, आता इंजिन बांधायचं. त्या वेळी "रिंगा-बेअरिंग टाकून देऊ, भागेल" या अर्ध्या कामाचा मोह होतो. बोअर लंबगोल झाला असेल तर नवी गोल रिंग त्यात बसणार कशी? बोअर आणि क्रँक मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय सामानाची यादी करू नये, हेड दाबाखाली तपासल्याशिवाय परत चढवू नये, आणि जुने सुटे भाग मालकाने ताब्यात घ्यावेत. त्या भागांवरच्या खुणा पुढच्या वेळी कामाला येतात.

बांधलेलं असो वा जुनं, हंगाम संपल्यावर गाडी उभी करताना टाकी भरून ठेवावी, म्हणजे घाम सुटायला आत जागा उरत नाही. डिझेलची चोरी होत असेल तर उलट करावं: टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा नट उघडून सुकवावी. जळकं ऑइल काढून ताजं भरूनच गाडी ठेवावी, कारण जुन्या ऑइलमधली आम्लं उभ्या गाडीत बेअरिंगांवर काम करत राहतात. बॅटऱ्या उतरवाव्यात, सायलेन्सरचं तोंड डब्याने झाकावं. दसऱ्याच्या सुमारास गाडी काढताना डबा काढायचा, टाकीच्या तळाचं पाणी सोडायचं, फिल्टर बदलून हवा काढायची. मग इंजिन बंद करायची केबल ओढून धरून दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, मध्ये मिनिटभर थांबायचं. ऑइलच्या दाबाचा काटा हलला की केबल सोडायची आणि गाडी सुरू करायची.